डावा पाय दोनदा

अकोला
२ जून २०२४

ललिता,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते दिवसभर उघडलं नाही. आत एकच ओळ निघाली. बाबांना लुगडं कोणी नेसवलं?

तू माझे फोन घेत नाहीस. तुझ्या नवऱ्यानं, धर्मेंद्रनं, निरोप दिला की तुला जे हवं ते कागदावर हवं. नईमा फोनवर सहज खोटं बोलते, कागदावर तिला ते जमत नाही, असं तू म्हणालीस म्हणे. अमरावतीच्या हॉस्टेलपासून तू माझी पत्रं वाचत आली आहेस. तुला ठाऊक असणार.

मला काय हवं ते आधी सांगते. सिनेमा पूर्ण झाला आहे. लांबी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. अर्जात मी असं लिहिलं आहे: ‘वलगावात तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली एक चावट खडी गंमत गावातली माणसं पुन्हा उभी करायला निघतात, त्याची विनोदी कथा. या प्रकारात सगळी गोष्ट ढोलकीवर गाऊन सांगतात आणि बाईचं काम पुरुष करतो.’ शेवटची अकरा मिनिटं तुझ्या बाबांची आहेत. ते आता नाहीत, त्यामुळे वारसाच्या सहीशिवाय ती अकरा मिनिटं कुठेच दाखवता येणार नाहीत. वारस तू एकटी. ती काढली तर सिनेमा उरत नाही. सोबत संमतीचा कागद आहे.

आता तुझा प्रश्न. त्यांनी स्वतः नेसलं.

काय ठरलं होतं ते मी विसरलेले नाही. बाबा बसून चाली सांगतील, सवाल-जवाब शिकवतील. लुगडं नेसणार नाहीत, पायात चाळ बांधणार नाहीत. ही अट तू माझ्याकडून तुमच्या घरी त्यांच्यासमोर कबूल करून घेतलीस. शाळेत पोरं तुला ‘नाच्याची पोट्टी’ म्हणायची, आणि तू आठवीत असताना एका सकाळी त्यांनी चाळ सोडून दिले, तेही तू तेव्हा पुन्हा सांगितलंस. बाबा खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी हो म्हणाले.

रंगूबाईच्या कामासाठी मी गजेंद्रला घेतलं होतं. अमरावतीचा, नाटकाचं शिकलेला मुलगा. चित्रीकरणाला चार दिवस असताना त्याला कावीळ झाली. अख्ख्या वलगावाला प्रेक्षक म्हणून बोलावून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, “थांबता काहून? मी हावो ना.”

झालं ते एवढंच. सहीची जागा खाली सोडली आहे.

नईमा


अकोला
१९ जून

ललिता,

तू गजेंद्रला गाठशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो तुझ्याच शहरात राहतो. त्याला कावीळ झाली नव्हती. मी त्याला काढलं.

का काढलं ते सांगते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. तालीम वलगावातल्या केशरबाईंच्या अंगणात चालायची. ‘रंगूबाईचे चार नवरे’ तुला माहीत आहे, पण तू ते पाहिलेलं नाहीस. तुला कधीच पाहू दिलं गेलं नाही. रंगूबाई विधवा आहे, बैलगाडीभर कापूस घेऊन बाजारात आली आहे. चार पुरुष एकेक करून येतात. प्रत्येकाला कापूस घ्यायचा आहे आणि कापूस कोणालाच घ्यायचा नाही. पहिला व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून माल तपासायला निघतो, आणि ती गाते:

“हात मंग घालजो, शेटजी, पयले भाव बोल!”

गजेंद्र ही ओळ कंबर हलवून म्हणायचा. डोळे मिचकावायचा. रोज जास्त मिचकावायचा. अंगणातली माणसं भिडेखातर हसायची. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला थांबवलं.

“काहून रे बापू, बाई घराभाईर कंबर हालवाले निघते काय?”

“नाही बाबा.”

“मंग थे कापूस इकाले निघाली. तू कापूस इक. कंबर आपोआप हालते.”

ढोलकीवर रहीमचाचा होते. अब्दुल रहीम, पातूरचे, बावीस वर्षं बाबांसोबत वाजवलेले. ते म्हणाले, “डोमाभाऊ, बताओ ना उसको. पोट्ट्याले समजून नाही राहिलं.”

बाबा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. पायजमा, बनियन, डोक्यावर दुपट्टा. त्यांनी दुपट्ट्याचं टोक दोन बोटांनी कानामागे सरकवलं, समोरच्या न दिसणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आपला माल मोजावा तसं. मग व्यापाऱ्याकडे पाहिलं. ओळ म्हटली नाही. अंगण फुटलं. केशरबाई पदरात तोंड घालून आत पळाल्या आणि आतून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं.

गजेंद्रही हसला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं. त्याला सांगितलं, तुझं काम चांगलं आहे, पण सिनेमाला वेगळं हवं आहे. त्यानं पिशवी भरली. एसटीनं निघून गेला.

बाबांना मी विचारलं. त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “ललीले इचारलं काय?” मी म्हणाले, ललिताचं मी पाहून घेते. मग ते तयार झाले.

म्हणून पहिल्या पत्रात मी लिहिलं ते अर्धं खरं होतं.

सहीचा कागद पुन्हा जोडते. पहिला तू फाडला असशील.

नईमा


अकोला
७ जुलै

ललिता,

तू लिहिलंस: ‘बाबा असे तयार होणार नाहीत. तू त्यांना काय सांगितलंस ते शब्दाला शब्द लिही.’

लिहिते.

मी सांगितलं, तू हो म्हणालीस.

दहा तारखेची सकाळ होती. मी मुद्दाम फोन घेऊन अंगणाबाहेर गेले, रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. फोन कोणालाच लावला नव्हता. बाबा बाजेवर बसून वाट पाहत होते. मी म्हणाले, “ललिताशी बोलले. ती म्हणाली, बाबांना वाटत असेल तर करू दे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “काय म्हनली?”

मी वाक्य पुन्हा म्हटलं.

“असंच म्हनली?”

“असंच.”

“रागानं म्हनली का बरी म्हनली?”

“बरी म्हणाली, बाबा. हसून म्हणाली.”

हे ‘हसून’ मी मनानं जोडलं. वाक्य नीट बसावं म्हणून. मी वाक्यं बसवण्याचंच शिकले आहे.

त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी रहीमचाचांना सांगितलं, “लली म्हनली, करू दे.” संध्याकाळी केशरबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाला सांगताना मी ऐकलं. त्या माणसाला लली कोण, काय करू दे, काहीच माहीत नव्हतं. तो हो हो म्हणत होता. चार दिवसांत त्यांनी तुला फोन का केला नाही असं तुला वाटत असेल. मी त्यांना म्हणाले होते, तिच्या ऑफिसात तपासणी चालू आहे, तिला आत्ता त्रास नको. ते म्हणाले, “नाही देत. काम करून राहिली थे.”

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लुगडं मी नेसवलं.

पूर्वी ते स्वतः नेसायचे आणि मागचा काष्टा रहीमचाचा ओढून द्यायचे. या वेळी त्यांचा हात पाठीमागे पोचेना. रहीमचाचांच्या बोटांत जोर उरलेला नाही. अंगणात दुसरी माणसं होती, पण त्यांनी मला बोलावलं. केशरबाईंच्या घरात, दार लोटून, हात वर करून ते उभे राहिले. मी नऊवारी कधी नेसलेले नाही, आमच्याकडे कोणी नेसत नाही. ते सांगत गेले, मी करत गेले. निऱ्या खोचताना त्यांना धाप लागत होती. मी विचारलं. ते म्हणाले, “आवळ बसलं.” मी सैल केलं. धाप तशीच राहिली.

त्यांच्या छातीत मागच्या दिवाळीत दुखलं होतं हे तू मला सांगितलं होतंस. तुझी अट लाजेसाठी जेवढी होती तेवढीच त्या छातीसाठी होती. मी सगळ्यांना फक्त लाजेचं सांगितलं. लाजेशी भांडता येतं. लोक आपल्या बाजूनं येतात.

या वेळी कागद जोडत नाही.

नईमा


अकोला
१६ जुलै

ललिता,

धर्मेंद्रचा निरोप मिळाला. रविवारी तू येतेस, आणि तुला जुळवलेला सिनेमा पाहायचा नाही, त्या दिवसाचं मूळ चित्रीकरण आवाजासकट पाहायचं आहे. मी ते काढून ठेवलं आहे.

येण्याआधी तुला एक गोष्ट माहीत हवी. नाहीतर पडद्यावर काय चाललंय ते तुला कळणार नाही. तिथल्या दोनशे माणसांना कळलं नाही.

बाबांच्या गमतीत एक रीत होती. ढोलकी वाजते आहे तोवर नाच्यानं थांबायचं नाही. पायात काटा जाऊ दे, कोणी काही फेकून मारू दे. थांबला तर फडाची लाज गेली. पण नाच्याच्या हातात एक गोष्ट दिलेली असे. दम संपला की त्यानं तालावर डावा पाय दोनदा आपटायचा. प्रेक्षकाला तो नाचच वाटतो. ढोलकीवाल्याला कळतं. तो चार मात्रांत ढोलकी मिटवतो, नाच्या पदर सावरत आत जातो, लोक टाळ्या वाजवतात. बावीस वर्षांत बाबांनी किती वेळा पाय आपटला आणि रहीमचाचांनी किती वेळा ढोलकी मिटवली हे त्या दोघांनाही सांगता आलं नाही. मला ही रीत इतकी आवडली की मी ती पटकथेत घातली. म्हणजे मला ती माहीत होती.

माझीही एक रीत होती. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, कॅमेरा चालू असेल तर मी सांगेपर्यंत कोणीही थांबायचं नाही. काही चुकलं तरी, कोणी पडलं तरी. रहीमचाचांनी मान डोलवली होती. त्यांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला नाही. ते असं स्वतःबद्दल म्हणत नाहीत, बाबा म्हणायचे.

चौदा तारीख, दुपारी साडेचार. गावाबाहेरचं मोकळं शेत, वेचणी झालेलं. हवा तसा उजेड तासाभराचाच होता. पहिला नवरा झाला, दुसरा झाला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी इतकी वर्षं विनोद शिकवला, विनोद म्हणजे काय यावर कॉलेजात चार-चार तास बोलले. तो समोर चाललेला मी पहिल्यांदा पाहत होते.

सहाव्या मिनिटाला बाबांनी डावा पाय दोनदा आपटला.

रहीमचाचांनी बाबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते चित्रात नाही. कॅमेरा माझ्याकडे नव्हता. ते तुला ऐकू येईल. जुळवलेल्या सिनेमातून मी ते काढून टाकलं आहे.

बाबांनी नंतर आणखी दोनदा तीच खूण केली. आठव्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला. लोकांना वाटलं रंगूबाई रागावली. ते जास्त हसले.

अकराव्या मिनिटाला ते कापसाच्या ढिगावर बसले. मी कट म्हणाले. पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात तू पोचलीस तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काजळ होतं, आणि तू ते पुसायला कोणाला हात लावू दिला नाहीस.

रविवारी अकराच्या गाडीनं ये. स्टेशनवर मी येऊ की नको ते कळव.

नईमा


अकोला
२४ जुलै

ललिता,

तू गेल्यावर मी सगळं लिहून ठेवलं. तुला पाठवते, कुठे चुकले असेन तर दुरुस्त कर. माझ्या स्मरणावर तुझा विश्वास असण्याचं कारण नाही.

तू खुर्चीत बसलीस. पर्स मांडीवर ठेवलीस. पाणी नको म्हणालीस. मी दिवा घालवला.

पहिला व्यापारी आला. बाबांनी पदराचं टोक कानामागे सरकवलं आणि गाडीकडे पाहिलं. तू हसलीस.

तू ते दाबायचा प्रयत्न केलास. दुसऱ्या नवऱ्याच्या वेळी तो तलाठी आपलं घर किती मोठं आहे ते सांगतो, आणि बाबा त्याच्या कमरेकडे पाहून म्हणतात, “घर मोठं हाय, पन दाराची कडी लागते काय?” तेव्हा तुझी पर्स खाली पडली. तू तोंडावर हात धरला होतास आणि खांदे हलत होते. बेचाळीस वर्षांची झालीस आणि आपल्या बापाला पहिल्यांदा काम करताना पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहत नव्हते असं दाखवत होते.

मग सहावं मिनिट आलं. पाय. तुला आता माहीत होतं.

आणि माझा आवाज. मला वाटलं होतं तो दबका असेल. तो स्वच्छ आला.

“रहीमचाचा, थांबू नका. आत्ता रंगतंय.”

तू मागे घ्यायला लावलंस. पुन्हा ऐकलंस. त्यानंतर तू हसली नाहीस, पण पडद्यावरचे दोनशे लोक हसत राहिले. आपण दोघी शेवटपर्यंत बसलो.

दिवा लावल्यावर तू विचारलंस, “इथं थांबवता आलं असतं?”

“हो.”

“दहाव्या मिनिटालाही?”

“हो.”

“तुले दिसत होतं.”

“दिसत होतं.”

तू वऱ्हाडीत विचारलंस. हॉस्टेल सोडल्यापासून तू माझ्याशी वऱ्हाडी बोलली नव्हतीस. मी रडले नाही याबद्दल तू काही म्हणाली नाहीस. मी ते तुझे उपकार मानते.

मग तू विचारलंस, “थे खुश होते?”

हो, मी म्हणाले. चार दिवस. तुझ्या परवानगीनं. ती परवानगी खोटी होती, खुशी खरी होती. यातलं कोणतं तुला जड गेलं ते मला कळलं नाही. तू खिडकीकडे गेलीस.

तू पर्समधून कागद काढलास. दोन्ही कागद होते, तू फाडले नव्हतेस. एकावर सही केलीस आणि सहीखाली अट लिहिलीस. मला वाचून दाखवली नाहीस, मी तू गेल्यावर वाचली: ‘अकराच्या अकरा मिनिटे न तोडता दाखवावीत. दिग्दर्शिकेचा आवाज काढू नये व कमी करू नये.’

दारात चपला घालताना तू म्हणालीस, “लोकाईले आयकू दे, तू काय म्हनली थे.”

आठ दिवस झाले असते तर मी हे लिहिलं नसतं, पण तीनच झाले आहेत म्हणून लिहिते. काल मी तो आवाज परत जोडला. मग त्याच्यावर ढोलकी थोडी चढवून पाहिली. शब्द कळेनासे झाले. अट अक्षरशः पाळली जात होती. मी तासभर तशी बसले आणि मग ढोलकी खाली आणली.

आवाज आहे तसा आहे.

नईमा


अकोला
८ डिसेंबर

ललिता,

काल इथे पहिला जाहीर खेळ झाला. तुला आमंत्रण पाठवलं होतं. तू आली नाहीस ते बरोबर केलंस. काय झालं ते कळवणं माझ्यावर आहे, कारण तू सही ज्यासाठी केलीस ते काल व्हायचं होतं.

सभागृह भरलेलं होतं. कॉलेजची मुलं, नाटकवाले, आमचे जुने सहकारी. वलगावातून एक जीप आली होती. रहीमचाचा पातूरहून आले, तिसऱ्या रांगेत कडेला बसले. बाबांच्या नंतर त्यांनी ढोलकी वाजवलेली नाही. ते मला एकदाच म्हणाले होते, “बेटा, मैंने देखा था. त्यानं पाय मारला. मी तुमच्याकडं पाहिलं.” बाकीचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

लोक सुरुवातीपासून हसले. शेवटच्या अकरा मिनिटांत तर पुढच्या ओळी ऐकू येत नव्हत्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. सहावं मिनिट आलं. बाबांनी पाय आपटला. मी तयारी केली होती. हसणं तुटेल, मग शांतता होईल, आणि त्या शांततेत मला उभं राहावं लागेल, असं मी धरून चालले होते. गेले चार महिने मी त्याच शांततेसाठी जगत होते म्हटलं तरी चालेल.

“रहीमचाचा, थांबू नका. आत्ता रंगतंय.”

सभागृह हसलं. पूर्ण सिनेमात कशालाच हसलं नव्हतं इतकं. मागच्या रांगेतल्या एका पोरानं शिटी मारली. पाय आपटायची रीत सिनेमात आधी सांगून झाली होती, त्यामुळे त्यांना तो लिहिलेला विनोद वाटला. गंमत बसवणारी बाई गमतीत सापडली आहे, तिला थांबवता येत नाही, असा.

तिसऱ्या रांगेतून रहीमचाचा उठले आणि बाहेर गेले. त्यांना वाट द्यायला माणसं पाय आखडून घेत होती आणि हसतच होती.

पुढची पाच मिनिटं मी ऐकली. बाबा बसले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडद्यावरही वाजवत होते. दोन्ही टाळ्या मिसळल्या.

नंतर मला पुढे बोलावलं. प्रश्नोत्तरं. एक प्राध्यापक उठले, भले माणूस, डोळे हसून ओले झालेले.

“मॅडम, थे मधात एक आवाज येते ना, थांबू नका म्हनून? एक नंबर टायमिंग हाय. कोनाचा हाय थो?”

मी म्हणाले, “माझा.”

लोक हसले.

मी म्हणाले, “तो लिहिलेला नव्हता. त्यांनी थांबायची खूण केली होती. ती मला दिसली होती. ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले.”

लोक क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी अजून काही म्हणणार आहे का ते पाहत असावेत. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मग कोणीतरी हसलं, आणि बाकीचे त्याच्यामागे हसले, सुटल्यासारखे. टाळ्याही पडल्या.

मी माईक शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

नईमा